नसेवरची रक्तवाहिनीची गाठ: सुई टोचण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचे

मानेचे दोन एमआरआय, बी-बाराच्या इंजेक्शनांचा कोर्स, एकदा नख काढलेले, आणि बोट अजून तसेच ठणकतेय. अशी फाईल घेऊन आलेल्या बाईंच्या नखावर बॉलपेनचे बंद टोक हलकेच टेकवले, तर त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. निदान तिथेच निम्मे झाले होते. चार वर्षांत कोणी त्या नखावर टोक टेकवलेच नव्हते.

हातापायांतल्या मज्जातंतूंवर, त्यांच्या आत किंवा त्यांना खेटून वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठी फार नसतात. पण ज्या असतात त्यांचे निदान रेंगाळते, आणि बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे रेंगाळते. आधी सुई, मग सोनोग्राफी, मग एमआरआय, आणि हात लावून तपासणी सर्वांत शेवटी, तीही ऑपरेशनच्या टेबलावर. हा लेख फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि शस्त्रक्रिया शिकणारे तरुण डॉक्टर यांच्यासाठी आहे. रुग्णांनीही वाचावा, फक्त चाचण्या स्वतःवर करू नयेत.

आधी एका शब्दाचा निकाल लावू

आपल्याकडे 'नस' म्हणजे मज्जातंतूही आणि शीरही. 'नस फुगलीय', 'नस दबलीय', 'नसेवर नस चढलीय' ही तिन्ही वाक्ये एकच रुग्ण एकाच दमात बोलतो. केसपेपरवर तेच उतरवले की पुढचा माणूस व्हेरिकोज व्हेन समजतो किंवा मणक्याकडे वळतो. म्हणून विचारा, 'फुगलेली दिसते का, की मुंग्या येतात?' आणि कागदावर 'शीर' किंवा 'मज्जातंतू' असे स्पष्ट लिहा. या लेखात 'नस' फक्त शीर्षकात आणि लोकांच्या बोलण्यात आहे.

टप्पा १: तयारी

रुग्णाला येतानाच सांगा: सगळे जुने अहवाल तारखेच्या क्रमाने लावून आणा, एमआरआयची सीडी आणा (नुसता कागदी अहवाल पुरत नाही), नेलपॉलिश आणि मेंदी नको, बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढून या. गाठ कधी मोठी कधी लहान होत असेल तर मोठी असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून. दवाखान्यात सकाळी अकराला गाठ दिसतच नाही आणि संध्याकाळी घरी लिंबाएवढी होते, हे शिरांच्या गाठींत नेहमीचे. जन्मखूण असेल तर लहानपणीचा फोटोही कामाला येतो.

टेबलावर हे हवे: कातडीवर उमटणारे मार्कर पेन, कापूस, बोथट टोकाची पिन, स्टेथोस्कोप, रक्तदाबाचा पट्टा, बर्फाचा तुकडा, टॉर्च आणि मोजपट्टी. टोकांमधले अंतर मोजायला उघडलेली पेपरक्लिपही चालते. एवढ्या सामानात बहुतेक काम होते. डॉपलरचे (रक्तप्रवाह ऐकवणारे) हातात धरायचे छोटे यंत्र असेल तर उत्तम.

खोली फार गार नको. गार हातात शिरा आकसतात, गाठ लपते, आणि पुढे मज्जातंतूंची तपासणीही चुकीची येते.

टप्पा २: हकीकत, घाई न करता

पहिला प्रश्न 'कुठे दुखते?' हा नाही. 'एका बोटाने दाखवा' असे म्हणा. ग्लोमस ट्यूमरचा (बहुधा नखाखालच्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या छोट्या गाठीचा) रुग्ण पेनाच्या टोकाएवढी जागा दाखवतो. मानेतून येणाऱ्या दुखण्याचा रुग्ण पूर्ण हातावरून तळवा फिरवतो. मनगटात दबलेल्या मीडियन मज्जातंतूचा रुग्ण हात झटकून दाखवतो.

मग हे विचारा:

गाठ जन्मापासून आहे की नंतर आली? बाळ जन्मल्यावर काही आठवड्यांत दिसू लागली, भराभर वाढली आणि वर्षभरानंतर फिकी पडत गेली, तर ती बालपणीची हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून झालेली गाठ). जन्मापासून होती, मुलासोबत वाढत गेली आणि कधी विरलीच नाही, तर बहुधा रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती. या दोहोंत गल्लत झाली की उपचारच बदलतो. चाळिशीतल्या माणसाच्या अहवालात 'हेमँजिओमा' दिसले की मी तरी तो शब्द मनातल्या मनात अवतरणात टाकतो.

हात लोंबता ठेवल्यावर, खूप वेळ उभे राहिल्यावर, जड उचलल्यावर वाढते का? वर धरल्यावर उतरते का? तर शिरांची गाठ. सकाळी उठल्यावर जास्त दुखते, मधूनच एक जागा वाटाण्यासारखी कडक होऊन दोन-तीन आठवडे दुखते, तर आत रक्ताची गुठळी होते आहे.

थंडीत, गार पाण्यात भांडी घासताना, एसीत बसल्यावर जीव जाईल असे दुखते का? हे ग्लोमस ट्यूमरचे बोलके लक्षण.

त्या जागी कधी मार, सुई, अँजिओग्राफी, डायलिसिस, सलाईन झाले होते का? मनगटातून किंवा जांघेतून अँजिओग्राफी झाल्यावर आलेली धडधडती सूज ही गाठ नसून फाटलेल्या धमनीचा फुगा असतो. पत्र्याचे, सुतारकीचे काम करणारे, तळव्याच्या करंगळीकडच्या भागाने ठोकाठोक करणारे लोक अल्नर धमनीचा फुगा घेऊन येतात, तक्रार मात्र 'शेवटची दोन बोटे बधीर' अशी असते. म्हणून धंदा विचारा.

गरोदरपणात किंवा वयात येताना वाढली का, हेही एका वाक्यात विचारून घ्या.

शेवटी बधिरतेचा नकाशा. रुग्णाच्या हातात पेन द्या आणि त्याच्याच कातडीवर सीमा काढायला सांगा. अंगठा, तर्जनी, मधले आणि अनामिकेचा अर्धा भाग: मीडियन. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा: अल्नर. पावलाची वरची बाजू बधीर आणि पाऊल उचलता न येणे: कॉमन पेरोनियल. तळपाय: टिबियल. नकाशा एका मज्जातंतूत बसत असेल तर त्याच मज्जातंतूच्या वाटेवर बोटे फिरवत वर जायचे आहे. दोन्ही पाय मोज्यासारखे बधीर असतील तर आधी साखर आणि बी-बारा बघा.

> पडताळा: इथे थांबून कागदावर एक ओळ लिहा: 'कोणता मज्जातंतू, कोणत्या पातळीला, गाठ भरते-उतरते की कायम.' ही ओळ लिहिता येत नसेल तर कोणतीही तपासणी लिहून देऊ नका. हकीकत परत घ्या.

टप्पा ३: पाहा, ऐका, मग दाबा

क्रम हाच ठेवा. आधी दाबले की शिरांची गाठ रिकामी होते आणि मग पाहायला काही उरत नाही.

पाहणे. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय उघडे, शेजारी शेजारी. निळसर झाक, वर पसरलेल्या शिरा, लालसर डाग, एका अवयवाची वाढलेली लांबी किंवा जाडी. अंगठ्याच्या बुडाशी मांस झिजले आहे का? अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा विचार करा. त्यात मज्जातंतूंच्या गाठीही होतात आणि बोटांत एकाहून जास्त ग्लोमस ट्यूमरही.

ऐकणे. स्टेथोस्कोप गाठीवर टेकवा, न दाबता. सू-सू असा अखंड आवाज म्हणजे धमनी थेट शिरेत उघडते आहे. बोटांच्या टोकांना थरथर लागते का, तेही बघा. कातडी गरम आहे का, हे हाताच्या पाठच्या बाजूने जोखा.

आता दाबणे. हळू दाबून गाठ रिकामी होते का आणि सोडल्यावर किती सावकाश भरते? हात डोक्यावर धरून एक मिनिट, मग लोंबता ठेवून दोन मिनिटे. स्पंज पिळल्यासारखी रिकामी होऊन पुन्हा भरणारी गाठ ही शिरांची. आत मिरीएवढे कडक खडे लागले तर ते जुन्या गुठळ्यांचे चुनखडी झालेले मणी, आणि तो पुरावा बऱ्यापैकी भक्कम असतो.

मज्जातंतूशी नाते. गाठ अंगठा आणि तर्जनीत धरून आडवी हलवा, मग उभी हलवा. आडवी सरकते पण अवयवाच्या लांबीच्या दिशेने सरकत नाही, म्हणजे ती मज्जातंतूला जोडलेली आहे. मग बोटाने हलकेच टिचकी मारा. झिणझिण्या त्या मज्जातंतूच्या नकाशात खाली धावल्या तर टिनेल चाचणी सकारात्मक. गाठ लागतच नसेल, तर त्या मज्जातंतूच्या वाटेवर खालून वर टिचक्या मारत जा आणि जिथे करंट बसेल तिथे मार्करने खूण करा. ही खूण पुसू देऊ नका, सोनोग्राफीवाल्यांना तीच लागणार आहे.

संवेदना आणि ताकद. कापूस, पिन, आणि बोटाच्या टोकावर दोन टोकांमधले अंतर. निरोगी बोटाचे टोक साधारण ६ मिलिमीटरवरची दोन टोके वेगळी ओळखते. ताकद ० ते ५ अशी अंकात लिहा. 'पॉवर कमी' असे लिहिण्याला अर्थ नाही, सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार?

> इशारा: धडधडणाऱ्या गाठीत सुई घालायची नाही. 'गळू दिसतंय, काढून टाकू' म्हणून गुडघ्यामागच्या किंवा काखेतल्या धडधडत्या सुजेवर चीर दिली की पुढचे दृश्य फार वाईट असते. गाठीच्या वरची धमनी दाबा. धडधड थांबून गाठ सैल पडली तर तिचा संबंध धमनीशीच आहे.

एक तपासणी आपल्याकडे विसरून चालत नाही: कुष्ठरोग. कोपरामागे जाड, दुखरा अल्नर मज्जातंतू आणि त्यावर गाठीसारखा फुगवटा ही कुष्ठरोगातली मज्जातंतूची सूज किंवा त्यातला गळूही असू शकतो. दोन्ही कोपरे, गुडघ्याच्या बाहेरची बाजू, मानेची बाजू इथले मज्जातंतू चाचपा आणि अंगावर बधीर, फिका चट्टा शोधा. सोनोग्राफीत अशा मज्जातंतूत रक्तप्रवाह वाढलेला दिसतो, आणि घाईत त्याला 'रक्तवाहिन्यांची गाठ' असे नाव पडते.

घोट्याच्या आतल्या बाजूसाठी एक छोटी युक्ती. उभे राहिल्यावर तळपायाला आग होते, पण तपासताना काही सापडत नाही? पोटरीला रक्तदाबाचा पट्टा बांधा आणि वरच्या व खालच्या दाबाच्या मधल्या आकड्यावर फुगवून ठेवा. शिरा भरतील, धमनी चालू राहील. मिनिटभरात तीच आग सुरू झाली तर टिबियल मज्जातंतूच्या बोगद्यात फुगलेल्या शिरांवर संशय घ्या.

टप्पा ४: नखाखालची गाठ, तीन चाचण्या आणि एक फसवणूक

ग्लोमस ट्यूमर सर्वांत जास्त हुकतो म्हणून त्याला वेगळा टप्पा. कातडीतले तापमान सांभाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छातून तो उगवतो, बहुधा एक सेंटीमीटरपेक्षा लहान असतो, आणि हाताच्या बोटांत तो बहुतेक वेळा नखाखालीच सापडतो. नखावर कधी निळसर-गुलाबी ठिपका, कधी उभी रेघ, कधी टोकाला चीर, आणि कधी काहीच नाही.

टोकाची चाचणी. पिनेचे बोथट डोके नखावर एकेक मिलिमीटर सरकवत टेकवा. एका जागी असह्य कळ, आणि शेजारी दोन मिलिमीटरवर काही नाही. दुखऱ्या जागेवरून सुरुवात करू नका. दूरच्या कोपऱ्यातून या, नाहीतर रुग्ण घाबरून सगळीकडेच 'हो' म्हणतो.

पट्ट्याची चाचणी. हात वर धरून रक्त उतरू द्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून २५० मिलिमीटरपर्यंत फुगवा आणि तोच बिंदू परत टोचा. कळ गेली किंवा फार कमी झाली, आणि पट्टा सोडताच परत आली, तर चाचणी सकारात्मक. डायलिसिसचा फिस्टुला असलेल्या किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला ही चाचणी नको. इतरांतही मिनिटभराच्या वर ताणू नका.

बर्फाची चाचणी. बर्फ बोटाला लावल्यावर कळ वाढते. ही शेवटी करा, कारण यानंतर रुग्ण पुढची चाचणी करूच देत नाही.

फसवणूक एमआरआयची. तीन-चार मिलिमीटरची गाठ साध्या हाताच्या एमआरआयमध्ये निसटू शकते. तिन्ही चाचण्या ठाम असतील आणि एमआरआय 'नॉर्मल' असेल, तर मी चाचण्यांवर विश्वास ठेवतो आणि बोटासाठीच्या छोट्या कॉइलवर पुन्हा तपासणी मागतो. बोटाचा साधा एक्स-रे दोन बाजूंनी काढा. काहींत शेवटच्या हाडाला गुळगुळीत खळगा पडलेला दिसतो. स्वस्त आहे, आणि दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी तुलना केली तर बोलका आहे.

सामान्य चुका इथे तीन. नखुरडे समजून प्रतिजैविके देणे. 'मनाचे दुखणे' म्हणून झोपेच्या गोळ्या देणे. आणि गाठीची जागा न ठरवता नख उपटून 'आत काही सापडले नाही' असे लिहिणे. तिसरी चूक सर्वांत महाग, कारण नंतर आलेल्या वेड्यावाकड्या नखावर पुन्हा चाचणी करणे अवघड जाते.

टप्पा ५: कलर डॉपलर, पण सांगून

पहिली प्रतिमा नेहमी डॉपलर सोनोग्राफी. मात्र 'सोनोग्राफी हात' एवढीच चिठ्ठी पाठवली तर अहवालही तेवढाच येतो. चिठ्ठीवर लिहा: खूण केलेली जागा, मीडियन मज्जातंतूशी संबंध बघा, मंद प्रवाहासाठी सेटिंग खाली घ्या, प्रोब दाबून आणि सोडून, हात लोंबता ठेवून बघा.

हे सांगावे का लागते? शिरांच्या गाठीत रक्त इतके सावकाश फिरते की नेहमीच्या सेटिंगवर रंग दिसतच नाही, आणि 'प्रवाह नाही, गँगलियन (सांध्याजवळची पाण्याची गाठ) असावे' असे छापून येते. त्यातच प्रोब जोरात दाबला तर गाठ चेपून गायब. वर जेल भरपूर आणि हात हलका, हे तंत्र साधे आहे, पण दहा मिनिटे लागतात.

अहवालात काय शोधायचे?

दाबता येणारी, काळसर पोकळ्यांची गाठ, दाब सोडल्यावर मंद प्रवाह, आत पांढरे मणी: शिरांची विकृती. ठोस गाठ दिसत नाही पण धमन्यांचे जाळे, वेगवान प्रवाह आणि धमनीसारख्या धडधडणाऱ्या शिरा: धमनी-शिरांची विकृती. पोकळीत रंग अर्धा लाल अर्धा निळा फिरतो आणि एका अरुंद मानेने धमनीला जोडलेला आहे: फाटलेल्या धमनीचा फुगा.

आणि हे नीट वाचा: ठोस, गोल गाठ, जिच्या एका टोकाने मज्जातंतू आत शिरतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो, ती श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) असण्याची शक्यता जास्त. श्वानोमातही डॉपलरवर रक्तप्रवाह दिसतो. 'आत रक्तवाहिन्या दिसल्या' म्हणजे 'रक्तवाहिन्यांची गाठ' असे नाही. ही गल्लत मी अहवालांत वारंवार पाहतो.

> पडताळा: अहवालात तीन उत्तरे आहेत का? गाठ मज्जातंतूच्या आत, चिकटून की बाहेर. प्रवाह मंद की वेगवान. दाबता येते की नाही. एक जरी गाळले असेल तर रेडिओलॉजिस्टना फोन करा. परत पाठवण्यापेक्षा फोनने काम लवकर होते.

टप्पा ६: एनसीव्ही आणि ईएमजी, योग्य वेळी

एनसीव्ही म्हणजे मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजणे, ईएमजी म्हणजे सुईने स्नायूतले विजेचे संदेश टिपणे. ही तपासणी गाठ ओळखत नाही. मज्जातंतूला इजा किती आणि कुठे, एवढेच सांगते. त्यामुळे तिला निदानाचा पुरावा मानू नका.

लक्षणे नुकतीच, अचानक सुरू झाली असतील तर सुईची ईएमजी तीन आठवड्यांनी करा. स्नायूतले बदल दिसायला तेवढा वेळ लागतो, आधी केली तर 'नॉर्मल' येते आणि सगळे निर्धास्त होतात. हात गरम करूनच तपासा, कातडीचे तापमान ३२ अंशांच्या आसपास हवे. गार हातात वेग खोटा कमी येतो. दोन्ही बाजू तपासा, आणि गाठीच्या वर आणि खाली असा वेग मागा. ईएमजीची सुई गाठीतून जाऊ नये म्हणून मार्करची खूण दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

एनसीव्ही नॉर्मल आली तरी गाठ नाही असे सिद्ध होत नाही. ती जाड तंतूंची तपासणी आहे, आणि निव्वळ दुखणे बारीक तंतूंतून येते. ग्लोमस ट्यूमरमध्ये ती नॉर्मलच असते. उलट, मनगटाला वेग कमी आला की 'कार्पल टनेल' (मनगटाच्या बोगद्यात मीडियन दबणे) हे लेबल चिकटते. एकाच हाताला, तरुण वयात, मनगटावर भरीव सूज असलेल्या रुग्णात ते लेबल लावण्याआधी सोनोग्राफी बघा. मीडियन मज्जातंतूच्या आतली हेमँजिओमा अगदी असाच वेश घेऊन येते.

टप्पा ७: एमआरआय, जिथे दुखते तिथला

हे उपशीर्षक मुद्दाम असे लिहिले आहे. बोट दुखते आणि एमआरआय मानेचा, पोटरी दुखते आणि एमआरआय कमरेचा. चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांच्या मणक्यात काहीतरी सापडतेच, मग त्या 'काहीतरी'वर उपचार सुरू होतात आणि वर्ष जाते.

जाण्याआधी: क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, कारण कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचे, चित्र उजळवणारे औषध) लागणार आहे. पेसमेकर, डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, जुन्या क्लिपा यांची चौकशी करा. दुखऱ्या बिंदूवर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटपट्टीने लावा, ती चित्रात पांढरी चमकते आणि वाचणाऱ्याला नेमकी जागा कळते. साधा एक्स-रे आधीच काढलेला असावा, कारण चुन्याचे मणी एमआरआयपेक्षा एक्स-रेवर स्पष्ट दिसतात.

मागणीपत्रात लिहा: लहान कॉइल, पातळ काप, टी-वन, चरबी दाबून टी-टू, कॉन्ट्रास्टसह, मज्जातंतूला आडवे छेद. वेगवान प्रवाहाचा संशय असेल तर वेळेनुसार टिपलेली एमआर अँजिओग्राफी.

वाचताना आडव्या छेदांपासून सुरुवात करा आणि मज्जातंतू निरोगी भागातून ओळखत गाठीपर्यंत या. टी-टूवर द्राक्षाच्या घडासारखी पांढरी, आत काळे गोल मणी, कॉन्ट्रास्ट सावकाश भरत जाते: शिरांची विकृती. गाठ नाही, फक्त काळ्या नळ्यांचे जाळे: वेगवान प्रवाह. कडा पांढरी आणि मध्य गडद, नेमबाजीच्या चकतीसारखा: मज्जातंतूच्या आवरणाची गाठ. जाड झालेला मीडियन मज्जातंतू, चरबीत खोचलेल्या तारांच्या केबलसारखा: चरबी-तंतूंची विकृती. या शेवटच्या प्रकारात चित्रच पुरेसे असते. तिचा तुकडा काढायला गेलात तर चालते बोट बधीर होते, हाती काही लागत नाही.

किशोरवयीन मुलीची पोटरी कायम दुखते, टाच टेकत नाही, आणि एमआरआयवर स्नायूत चरबी-तंतू व शिरा मिसळलेल्या दिसतात, तर 'साधी शिरांची विकृती' एवढ्यावर थांबू नका. याला फावा (फायब्रो-अ‍ॅडिपोज व्हॅस्क्युलर अ‍ॅनॉमली) म्हणतात. वागणूक वेगळी, उपचारही वेगळे.

> इशारा: पाच सेंटीमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आवरणाखाली खोल, वाढत जाणारी, रात्री जागे करणारी, किंवा काढल्यावर परत आलेली गाठ: कर्करोग नाही असे ठरेपर्यंत तो आहे असेच समजून चाला. मार लागल्याचे आठवत नसताना सांगितलेले 'रक्त साकळले आहे' सहा-आठ आठवड्यांत आटले नाही तर पुन्हा कॉन्ट्रास्टसह एमआरआय. सांध्याजवळची लहान, दुखरी, आत वेडेवाकडे चुन्याचे ठिपके असलेली गाठ सायनोव्हियल सार्कोमाही (मऊ ऊतींचा एक कर्करोग) असू शकते, आणि ती लहान आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

टप्पा ८: रक्ताच्या तपासण्या, थोडक्यात

शिरांची मोठी विकृती असेल तर प्लेटलेट, डी-डायमर, फायब्रिनोजेन. डी-डायमर वाढलेला असेल तर आत गुठळ्या होत आहेत, शस्त्रक्रियेआधी रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. तान्ह्या बाळाच्या हातापायावर कडक, जांभळी, भराभर वाढणारी सूज आणि प्लेटलेट फार घसरलेल्या, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. तिथे तुकडा काढायची घाई करू नये, आधी रक्त सावरावे लागते.

टप्पा ९: सुई आणि सुरी, सर्वांत शेवटी

शिरांची विकृती, धमनीचा फुगा, चरबी-तंतूंची विकृती, नखाखालचा ठाम ग्लोमस: यांत आधी तुकडा काढायची गरज नसते. गरज पडते ती ठोस, संशयास्पद गाठीत. तेव्हाचे नियम कडक आहेत.

तुकडा तिथेच काढावा जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. सार्कोमाचा संशय असेल तर गावात 'आधी बायोप्सी करून मग मुंबईला' असे करू नका. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात रुग्ण बायोप्सी न झालेला पोचला तर पुढचा मार्ग सोपा होतो. सुईची वाट पुढे गाठीसोबत कापून काढावी लागते, म्हणून ती ज्यांनी कापायची त्यांनीच आखावी. चीर द्यावी लागली तर अवयवाच्या लांबीला समांतर, कधीही आडवी नाही. सोनोग्राफी बघत, मज्जातंतूची बाजू टाळून, जाड सुईने. सुई जाताना बोटांपर्यंत करंट गेला तर तिथेच थांबा आणि वाट बदला.

बारीक सुईची एफएनएसी (सुईने पेशी ओढून तपासणे) या गाठींत बहुतेक वेळा 'फक्त रक्त' सांगून मोकळी होते. त्यातून निदान होत नाही, आणि रुग्णाला वाटते तपासणी झाली.

शस्त्रक्रियेच्या खोलीत एक बारकावा: हात रबरी पट्टीने पिळून पूर्ण रिकामा केला की शिरांची गाठ टेबलावर सापडत नाही. नुसता वर धरून पट्टा फुगवा, थोडे रक्त आत राहू द्या.

टप्पा १०: पॅथॉलॉजीचा अहवाल आणि नाव

नमुन्यासोबत पूर्ण हकीकत आणि एमआरआयचा अहवाल पाठवा. 'गाठ, उजवा हात' एवढ्या चिठ्ठीवर पॅथॉलॉजिस्ट काय करणार? रक्तवाहिनीचे अस्तर दाखवायला सीडी-३१ आणि ईआरजी, मज्जातंतूच्या आवरणासाठी एस-१००, ग्लोमससाठी एसएमए. बालपणीच्या हेमँजिओमात ग्लुट-वन सकारात्मक असते, विकृतींत नसते. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या अहवालात 'कॅव्हर्नस हेमँजिओमा' आले तर फोन करून विचारा: सध्याच्या वर्गीकरणात याला शिरांची विकृती म्हणता येईल का? नाव बदलले की पुढचा बेतही बदलतो. विकृती पूर्ण काढायची हौस न धरता कधी कधी नुसता बोगदा मोकळा करून किंवा स्क्लेरोथेरपीवर (शिरेत औषध टोचून ती बंद करण्यावर) थांबता येते.

थांबायचे नसते ते प्रसंग

वरचा सगळा क्रम आठवड्यांचा आहे. खालील गोष्टींना तास मोजायचे असतात:

१. अँजिओग्राफी, डायलिसिस किंवा काखेतल्या सुईनंतर दंड सुजत चालला आणि हाताची बोटे बधीर किंवा लुळी पडू लागली. नाडी चांगली लागते म्हणून धीर धरू नका. काखेजवळच्या आवरणात साठलेले रक्त नाडी शाबूत ठेवून मज्जातंतू मारते.

२. मनगटात अचानक तीव्र वेदना आणि काही तासांत तीन बोटे बधीर. मीडियन मज्जातंतूसोबत राहून गेलेली धमनी गुठळीने बंद पडली असू शकते.

३. अवयव गार, पांढरा, नाडी नाही.

४. गुडघ्यामागच्या धडधडत्या सुजेसोबत पाऊल उचलता येईनासे झाले.

अहवाल आणि बोट जुळत नसतील तेव्हा

रुग्ण एक बिंदू दाखवतो, चाचण्या तोच सांगतात, आणि सोनोग्राफी, एनसीव्ही, एमआरआय तिन्ही स्वच्छ. असे होते. तेव्हा मी तीन गोष्टी करतो. एमआरआयची सीडी घेऊन रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसतो आणि कॅप्सूल चिकटवली होती ती जागा दोघे मिळून बघतो. अर्ध्या वेळेला गाठ तिथेच असते, फक्त कापाच्या कडेला. नाही मिळाली तर संध्याकाळी, दिवसभर काम झाल्यावर, हात लोंबता ठेवून डॉपलर पुन्हा करवतो. तरीही काही नाही, तर तारीख, बिंदूचा फोटो, दोन टोकांचे अंतर आणि ताकदीचे अंक लिहून तीन महिन्यांनी परत बोलावतो, आणि मधल्या काळात मालिश, शेक, डाग देणे, 'नस मोकळी करून देणारे' यांच्याकडे जाऊ नका, असे रुग्णाला आणि सोबत आलेल्या माणसाला, दोघांनाही सांगतो. कारण तो सोबतचा माणूसच बहुधा पत्ता घेऊन आलेला असतो.